धोंड्याखालचं कार्ड

पोलादपूरच्या पोस्टात मी चोवीस साली लागलो. पुढची चौदा वर्षं माझ्या पायांचे जे हाल झाले, त्यांना एक बाई जबाबदार होती. तिचं नाव आवडी, वाकणकोंडच्या महारवाड्यातली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, तिनं उभ्या आयुष्यात कधी भाषण केलं नाही, आणि महाडच्या मोठमोठ्या लोकांच्या यादीत तिचं नाव तुम्हाला सापडणार नाही. मला विचाराल तर मी पाहिलेल्या लढणाऱ्या माणसांत ती सगळ्यांत वरची. हे मी पेन्शनीत गेल्यावर सांगतोय. नोकरीत असताना हे तिच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं, पण तेव्हा ते धाडस माझ्यात नव्हतं.

मी बिरवाडीचा, जातीनं कुणबी, मराठी सातवी पास. खाकी डगला अंगावर चढला तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. आधीच्या पोस्टमननं काम समजावताना वाकणकोंडची एक गोष्ट नीट बजावून सांगितली होती. महारवाड्यात जायचं नाही. शिवेवर जांभळाखाली एक चपटा धोंडा आहे, त्यांचं टपाल त्याच्याखाली ठेवायचं, एक हाळी द्यायची आणि चालू लागायचं. त्याला ते त्याच्या आधीच्यानं सांगितलं होतं. मीही मान हलवली. सरकारी कायद्यात असं काही लिहिलंय का, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता आवडीचं काम सांगतो. वाकणकोंडची येसकरकी, म्हणजे गावची राखण आणि निरोप पोचवायचं काम, महारवाड्यात पाळीपाळीनं फिरत असे आणि त्या वर्षांत ती भिकूच्या घरात होती. भिकू म्हणजे आवडीचा नवरा. तो मुंबईला गोदीत हमाल. गोदी सोडून तो गावची काठी धरायला थोडाच येणार, म्हणून काठी आवडीनं उचलली. बाईच्या हातात काठी बघून गावानं दोन दिवस नाकं मुरडली. तिसऱ्या दिवशी पाटलाचा चुलता मेला, सांगावा न्यायला माणूस पाहिजे झाला, आणि नाकं आपोआप सरळ झाली.

सांगावा म्हणजे मौतीची बातमी. गावात कुणी गेलं की त्याच्या लेकी, बहिणी, सोयरे जिथं जिथं असतील तिथं येसकरानं पायी जाऊन सांगायचं. काठीच्या वरच्या टोकाला घुंगरं असत. एरवी घुंगरं वर, पण मौतीचा सांगावा असला की काठी उलटी धरायची, घुंगरं खाली. मग शिवेवरूनच लोकांना कळायचं. अंगणाच्या बाहेर उभं राहायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं, माती कधी ते सांगायचं आणि वळायचं. घरात रडारड सुरू झाल्यावर सांगणाऱ्याकडे कोण बघतो. सहा कोस उन्हातून चालून आलेल्या माणसाला तोंड ओलं करायला घोटभर पाणी द्यावं, असं कुठल्याच घराला सुचत नसे. परतीच्या वाटेवर एखादा ओढा लागला तर नशीब. वैशाखात ओढेही कोरडे.

आवडी हे काम फार मन लावून करी. तिचं चालणं म्हणजे जवळजवळ पळणंच. लेकीला बापाचं तोंड बघायला मिळालं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात. एकदा मी तिला घाटाच्या वळणावर गाठली, म्हटलं, आवडे, जरा दमानं चाल की गो, मेलेलं माणूस कुठं पळून जात नाही. तिनं थांबून माझ्याकडं बघितलं नाही. चालता चालता म्हणाली की मेलेलं थांबतं, पण जितं थांबत नाय. त्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी लागला.

सत्तावीस सालच्या फाल्गुनात महाडला परिषद भरणार होती. महारवाड्यातला पांडू पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, वाचणारा माणूस. त्यानं खोऱ्यातल्या वाड्या-वाड्यांत निरोप द्यायचं ठरवलं, आणि निरोप न्यायला आवडीपेक्षा चांगले पाय कुणाचे? पण झालं काय, की सवयीनं तिनं काठी बरोबर घेतली आणि दमल्यावर ती खांद्यावर टाकली ती उलटी. पलीकडच्या वाडीतल्या बायकांनी शिवेवर घुंगरं खाली पाहिली आणि गळा काढला. वाकणकोंडला दिलेली लेक गेली असं धरून आख्खी वाडी रडत अंगणात जमली. आवडी ओरडून सांगतेय की मी महाडला चला म्हणून सांगायला आलेय, पण ऐकतंय कोण. शेवटी पांडूला जाऊन समजूत काढावी लागली. पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट सांगून लोक हसत. आवडीही हसे, पण त्या दिवसापासून तिनं निरोपाला काठी नेली नाही.

महाडला ती गेली. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ती ओंजळभर पाणी प्याली. त्यानंतर गावात जी मारहाण झाली ती सगळ्यांना ठाऊक आहे. आवडीच्या कपाळाला दगड लागला. मोहल्ल्यातल्या हैदर गाडीवाल्यानं तिला आणि आणखी चार बायकांना आपल्या घरात घेऊन दार लावलं. त्याची बायको जहांआरा हिनं स्वतःच्या ओढणीची पट्टी फाडून तिचं कपाळ बांधलं आणि स्वतःच्या पेल्यातून तिला पाणी पाजलं. मागाहून शहाण्या लोकांनी शेणामुतानं तळं शुद्ध करून घेतलं. मी त्या दिवशी महाडलाच होतो, टपालाची थैली घ्यायला. दगड पडायला लागल्यावर मी पोस्टाच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. हे मी कुणाला आजवर सांगितलं नव्हतं.

एवढं होऊनही आवडीनं सांगावे न्यायचं सोडलं नाही. पांडूचं म्हणणं होतं की काठी फेकून दे, मेलेली गुरं ओढायची आपण सोडली तशी ही वेठही सोड. आवडी म्हणे, गुराचं वेगळं. ज्याची आय मेली त्याचा काय दोष? यावरून त्या दोघांची कडाक्याची भांडणं होत.

आणि मग वैशाखात तो मंगळवार आला.

वाकणकोंडची माझी फेरी आठवड्यातून एकदा, मंगळवारी. त्या दिवशी पिशवीत आवडीच्या नावाचं अर्ध्या आण्याचं कार्ड होतं. वर श्री नव्हता. श्री नाही म्हणजे बातमी वाईट, पोस्टात काम करणाऱ्याला ते चटकन दिसतं. मी वाचलं. भिकूच्या अंगावर गोदीत गाठोडं पडलं आहे, इस्पितळात ठेवलं आहे, कार्ड पोचताच निघावं, असं त्याच्या जोडीदारानं लिहिलं होतं. मी जांभळाखाली उभा राहून एक हाळी दिली. कुणी आलं नाही. महारवाड्यातली माणसं रानात होती, आणि आवडी पाटलाच्या कुठल्याशा मावशीचा सांगावा घेऊन महाडच्या अंगाला गेली होती. पन्नास पावलांवर घरं दिसत होती. मी कार्ड धोंड्याखाली ठेवलं आणि पुढच्या वाडीला गेलो.

त्या दुपारी वळवाचा पाऊस झाला. पुढच्या मंगळवारी पांडूच्या पेन्शनीचा कागद ठेवायला मी धोंडा उचलला, तर कार्ड खालच्या बाजूला चिकटलेलं. खरं सांगतो, ते फाडून ओढ्यात टाकावं असं एक क्षण माझ्या मनात आलं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पण हात धजावला नाही. मी हाका मारमारून पांडूला बोलावलं. त्यानं फुटलेल्या शाईतून जुळवून जुळवून ते वाचलं, तोवर आवडी त्याच्या मागं येऊन उभी होती.

ती त्याच पावली निघाली. दासगावच्या बंदरातून बोटीनं मुंबईला पोचायला तिला तीन दिवस लागले. भिकू दोन दिवसांपूर्वी गेला होता. गोदीतल्या लोकांनी तिला सांगितलं की आठ दिवस तो दाराकडे बघत होता.

ती परत आली त्या दिवशी मी मुद्दाम फेरी चुकवली. काय घडलं ते मला गावात कळलं. आवडीनं घुंगरांची काठी घरातून आणली, शिवेवर आली, जांभळाखालचा तो धोंडा उचलला आणि काठी त्याच्याखाली घातली. पाटील आणि चार माणसं समोर उभी होती. तिनं सांगितलं की आजपासून वाकणकोंडचं मौत माझ्या पायांनी जाणार नाय. माझी चिठी जोवर माझ्या दारात येत नाय, तोवर नाय. ज्याला काठी पायजे त्यानं धोंड्याखालून घ्यावी.

काठी कुणीच घेतली नाही. महारवाड्यात आता कुणीच घेणार नव्हतं.

गावानं मग जे गाव करतं ते केलं. बलुतं बंद, रानातली लाकडं बंद, गुरं चारणं बंद. दुकानदार मीठ देईना. हैदर महाडहून गाडी घेऊन जाताना रस्त्यात थांबे, मीठ आणि राकेल देई, आणि गावातले डोळे वटारून बघत राहत. महारवाड्याच्या झऱ्यात कुणी मेलेलं कुत्रं टाकलं. पांडूनं झरा उपसून साफ केला आणि आवडी कोयता मांडीवर घेऊन त्या झऱ्यापाशी तीन दिवस बसली. पाटलाचे दोन गडी तिथं आले होते म्हणतात. तिनं उठून उभं राहायचीही तसदी घेतली नाही. कोयत्याची धार अंगठ्यानं बघत तिनं त्यांना विचारलं की कुत्रं कुणाचं होतं, त्याच्या धन्याला सांगावा द्यायचाय. गडी परत गेले.

पाटलाची आई तुळजाबाई तेवढी वेगळी निघाली. मुलाला न सांगता ती म्हातारी एकदा काठी टेकत शिवेपर्यंत आली आणि धोंड्याच्या अलीकडे बसली. पलीकडे आवडी बसली. दोघी विधवा. काय बोलल्या कुणाला माहीत नाही. तुळजाबाई उठताना पदरातून गुळाचा खडा काढून धोंड्यावर ठेवून गेली.

आवडी झऱ्यावर बसली होती तेव्हाच पांडूनं पोस्टाच्या साहेबाला अर्ज लिहिला. तो अर्ज मी स्वतःच्या हातांनी थैलीत टाकून महाडला पाठवला, कारण तो कशाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यात एक वाक्य असं होतं की महार जे तिकीट घेतो ते सरकार त्याला अर्ध्या किमतीत देत नाही. अर्जाखाली आवडीचा अंगठा होता.

आश्विनात इन्स्पेक्टर आले. पाटलानं शिवेवर खुर्ची आणून ठेवली. अर्धा गाव जमला. साहेबांनी मला विचारलं की कार्ड धोंड्याखाली तू ठेवलंस का. घरी आई, बायको, दोन पोरं. बाहेरगावी जाऊन पोट भरायची अक्कल नाही. मी म्हटलं, साहेब, आधीपासून रीत आहे. साहेब म्हणाले, रीत विचारली नाही. मग त्यांनी आवडीला पुढं बोलावलं. कार्ड कुणी ठेवलं ते सांग, ह्या माणसाला कामावरून काढावं अशी तुझी मागणी आहे का, असं त्यांनी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या कपाळावर महाडच्या दगडाची खूण होती. मला वाटलं आता संपलं. आणि खरं तर संपायला हवं होतं.

“ठेवलं ह्यांनीच,” ती म्हणाली. “पण साहेब, मला ह्यांची नोकरी नको. मला ह्यांचे पाय पायजेत. माज्या दारापातुर.”

साहेब खोकले आणि कागदावर काहीतरी लिहू लागले. मी मान खाली घातली ती साहेबांची गाडी जाईपर्यंत वर केली नाही. भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. हाती आलेला माणूस सोडून देऊन आपलं मागणं तेवढं घट्ट धरून ठेवणारं माणूस मी ते एकच पाहिलं.

हुकूम आला की टपाल ज्याचं त्याच्या हाती द्यायचं. पुढच्या मंगळवारी मी जांभळापाशी आलो आणि ती पन्नास पावलं चाललो. गावातली पोरं मागून बघत होती. माझ्या आईनं आधीच सांगून ठेवलं होतं की घरी येताना आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आवडीच्या नावाचं त्या दिवशी काही नव्हतं, पांडूचं होतं. तरी ती दारात उभी राहिली होती. मी पांडूच्या हातात कागद दिला. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

“पानी घेता?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, आत्ताच प्यालोय.

तिनं तांब्या तसाच आत नेला. त्या दुपारी पांडूनं आणि तिनं पहार लावून धोंडा उचलून ओढ्यात ढकलला. काठी मात्र तिनं पुन्हा सांगाव्याला धरली नाही. घुंगरं काढून लेकीच्या पोरांना खेळायला दिली आणि काठीचा उपयोग कोंबड्या हाकायला केला.

पुढल्या माघात तुळजाबाई वारली. तिची लेक येसूबाई वरच्या खोऱ्यात दिलेली, चार कोसांवर. पाटलाला आता सांगावा न्यायला कुणी नव्हतं. त्यानं कार्ड लिहिलं आणि गडी माझ्याकडे पाठवला. मी सांगितलं की वरच्या खोऱ्यातली फेरी शनिवारी, आज सोमवार. तेवढ्यात बातमी आली की आवडी निघूनही गेली. कुणी सांगितलं नव्हतं. हातात काठी नव्हती. गुळाच्या खड्याची आठवण तिला असणार, असं मी धरून चालतो.

येसूबाईच्या दारात काय घडलं ते मला स्वतः येसूबाईनं सांगितलं. आवडी अंगणाबाहेर उभी राहिली नाही, अंगणात आली. काठी नसल्यामुळं येसूबाईला काही कळेना. ती म्हणाली, काय गो आवडे, इकडं कुठं?

“आधी पानी दे,” आवडी म्हणाली. “मग सांगते.”

येसूबाईनं मागं वळून सासूकडं बघितलं. सासूनं तोंड फिरवलं. येसूबाई आत गेली, आणि घरातला पितळी तांब्या भरून आणून तिनं आवडीच्या हातात दिला. ओतला नाही, हातात दिला. आवडी सगळं पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि मग सांगितलं. येसूबाई दुपारच्या आत वाकणकोंडला पोचली आणि आईचं तोंड तिला बघायला मिळालं. तो तांब्या सासूनं पुन्हा घरात घेऊ दिला नाही, तर येसूबाईनं तो स्वतःच्या उशाशी ठेवला आणि मरेपर्यंत त्यातूनच पाणी प्याली.

त्यानंतर आवडीनं हाच नेम केला. सांगाव्यासाठी ती आता कुणाला बांधील नव्हती. मनात आलं तर जायची, पण जिथं पाणी मिळणार नाही तिथं जायची नाही. तिच्या स्वतःच्या घराचाही तोच कायदा होता. बातमी घेऊन कुणीही येवो, आधी पाणी, मग विचारणं. हा कायदा तिनं लेकीला, चंद्रभागेला, शिकवून ठेवला होता.

बाकीच्या गोष्टी सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. तिनं लुगडं घोट्यापर्यंत सोडून नेसायला सुरुवात केली, जात ओळखू यावी म्हणून घालायला लावलेली हातातली कथलाची कडी काढून टाकली. शाळेत महारवाड्यातली पोरं पडवीत बसवत, तर ती रोज सकाळी मास्तरांच्या खुर्चीसमोर जाऊन जमिनीवर बसे. पोरं आत घेतली की मी उठते, एवढंच म्हणे. बावीस दिवस बसली. तेविसाव्या दिवशी मास्तरांनी पोरं आत घेतली, कारण बाईसमोर त्यांना तपकीर ओढता येत नव्हती. तिच्यावर दोनदा फिर्याद झाली, दोनदा महाडच्या कोर्टात ती पायी गेली, आणि दोन्ही वेळा साक्षीदारांनाच घाम फुटला. एकदा गावाच्या चावडीसमोर चार माणसांनी तिला धरून मारलं. महिनाभर ती खाटेवर होती. उठल्यावर पहिल्यांदा कुठं गेली असेल, तर चावडीसमोरून चालत गेली आणि परत आली. कामच काही नव्हतं तिकडं.

आणि मी? मी दर मंगळवारी तिच्या दारात जात होतो. गाव आता सांगाव्याऐवजी कार्डं लिहायला शिकला होता, म्हणून माझी पिशवी दुप्पट झाली होती. मौतीची कार्डं माझ्या हातून जायची, लोक ती अंगणातच वाचून फाडून टाकायचे आणि माझ्याकडे बघायचेही नाहीत. तेव्हा कुठं मला आवडीचं पूर्वीचं काम काय होतं ते कळू लागलं. मलाही कुणी पाणी विचारत नसे. विचारणारं घर एकच होतं. दर मंगळवारी तांब्या बाहेर येई, दर मंगळवारी ती विचारी, आणि दर मंगळवारी मी म्हणे, आत्ताच प्यालोय. उन्हाळ्यात माझे ओठ फुटलेले असत आणि ते तिला दिसत. आईची भीती होती, भावकीची होती. आई तेहतीस साली गेली. तरी मी तेच म्हणत राहिलो. मग भीती कुणाची होती, ते मला नीटसं सांगता येणार नाही.

सदतीस साली तळ्याच्या खटल्याचा निकाल वरच्या कोर्टात अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. आवडी मुद्दाम महाडला जाऊन पाणी पिऊन आली. दहा वर्षं झाली होती, केस पिकले होते. मी विचारलं, आवडे, कसं होतं गो पाणी?

ती हसली. “नाव चवदार, पन आमच्या झऱ्याचं बरं,” म्हणाली. “बघता पिऊन?”

तांब्या तिच्या हातात होताच. मी पिशवी सारखी केली आणि म्हटलं, आत्ताच प्यालोय. त्या दिवशी ती जरा जास्त वेळ माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. पोरगं अजून चालायला शिकत नाही म्हणून आई बघते, तसं.

पौषात, अडतीस साल लागल्यावर, सकाळी आठच्या सुमारास पांडू बैलगाडीत बसून पोस्टात आला. आवडी पहाटे गेली होती. ताप होता चार दिवस. चंद्रभागा रायगडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीच्या अलीकडच्या वाडीत दिलेली. थंडीचे दिवस होते म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माती थांबवायचं ठरलं होतं. पण महारवाड्यातली धडधाकट माणसं सगळी मुंबईला, आणि पांडूचे गुडघे गेलेले. त्यानं कार्ड लिहून आणलं होतं. वर श्री नव्हता.

मी कार्ड हातात घेतलं. त्या वाडीची फेरी गुरुवारी असे. तो शुक्रवार होता. म्हणजे सहा दिवस. मी पांडूकडं बघितलं, पांडूनं माझ्याकडं बघितलं, आणि दोघांनाही एकच धोंडा आठवला असणार.

मी पोस्टमास्तरांना सांगितलं की मी आज रजेवर. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरातलं माणूस गेलंय. डगला काढून खुंटीला टांगला, सर्व्हिस मोटारीनं महाड गाठलं आणि तिथून चालायला लागलो. आठ कोस. वाटेत दोन गावांत विहिरी लागल्या, ओळखीची घरं लागली. मी कुठं थांबलो नाही. लेकीला आईचं तोंड बघायला मिळालं पाहिजे, एवढंच डोक्यात. माझे पाय आपोआप तिच्यासारखे पडत होते, जवळजवळ पळत. जितं थांबत नाही म्हणजे काय, ते मला त्या वाटेवर समजलं.

दिवे लागायच्या वेळी मी चंद्रभागेच्या अंगणात उभा राहिलो. ती चुलीपुढून उठून आली. आईचाच चेहरा. डगला नसला तरी तिनं मला ओळखलं असावं, कारण तिच्या तोंडावरचा रंग उतरला. तिच्या ओठांवर प्रश्न आला होता. तो तिनं गिळला, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. पाणी काठावरून सांडत होतं.

“आय सांगायची, पोलादपूरचं पोस्टमन नेहमी आत्ताच प्यालेलं असतात,” ती म्हणाली. “आज घेता का?”

मी म्हटलं, “आज नाही प्यालो.”

मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. तहान एवढी लागली होती की थांबायलाच होईना, आणि थांबावंसंही वाटेना, कारण तांब्या रिकामा झाला की मला बोलावं लागणार होतं. चंद्रभागा समोर उभी होती. एकदाही तिनं मला मध्ये तोडलं नाही. पाणी संपलं. मी तोंड पुसलं, तांब्या तिच्या हातात परत दिला.

“आता सांगा,” ती म्हणाली.

मी सांगितलं.